दाखला देण्यापूर्वी: शाळेची शिस्त आणि दिव्यांग विद्यार्थ्यांचे हक्क

जून महिन्यात शाळा उघडतात तेव्हा मुलांच्या हाती नव्या वह्या-पुस्तकांबरोबर शाळेचे कॅलेंडरही येते. त्याच्या आरंभीच्या पानांवर प्रार्थना, शाळेचे गीत, सुट्ट्यांची यादी आणि त्यानंतर शिस्तीचे नियम छापलेले असतात. गणवेश, केस, नखे, उशिरा येणे, वर्गात बोलणे, सामानाची नासधूस अशी ती ओळखीची मालिका असते. तिच्या अखेरीस बहुधा एक वाक्य असते, ते असे की वारंवार बेशिस्त वर्तन करणाऱ्या विद्यार्थ्यास शाळेतून कमी करण्यात येईल. बहुतेक पालक त्याखाली सही करून पान उलटतात. परंतु अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड या आपल्या उपनगरांत अशीही घरे आहेत, की जेथे या एका वाक्याची धास्ती वर्षभर मनातून जात नाही. ज्या घरातील मूल दिव्यांग आहे, आणि ज्याचे दिव्यंगत्व वरकरणी दिसत नाही, त्या घरांविषयी आम्ही हे लिहीत आहोत.

अशा एखाद्या मुलाचे चित्र डोळ्यांसमोर आणू या. तो बोरिवलीतील एका शाळेत पाचवीत आहे. गणित तोंडी विचारले तर पटकन उत्तर देतो, पण फळ्यावरचे चार ओळींचे लिखाण वहीत उतरविताना त्याचा अर्धा तास जातो. तास संपण्यापूर्वी तो तीनदा जागेवरून उठतो. शेजारच्या मुलाने चिडविले की आधी हात उचलतो आणि मग रडतो. कॅलेंडरमध्ये लाल शाईचे शेरे साठत जातात. आईला शाळेत बोलावणे येते, पुन्हा येते, तिसऱ्यांदा येते. तिसऱ्या वेळी तिला शांतपणे, बऱ्याचदा सद्भावनेने, सांगितले जाते, "आम्ही काढून टाकले तर त्याच्या कागदावर ते राहील. त्यापेक्षा तुम्हीच अर्ज करून दाखला घेऊन जा."

हे वाक्य आपल्याकडील शिस्तीच्या प्रश्नाचे मर्म आहे असे आम्हांस वाटते. आपल्या शाळांतून रीतसर हकालपट्टी क्वचितच होते. मूल जाते ते पालकांच्या स्वतःच्या सहीच्या अर्जाने. दप्तरी नोंद राहते ती "पालकांच्या विनंतीवरून" एवढीच. कोणत्या प्रसंगामुळे, कोणाच्या निर्णयाने, आणि त्यापूर्वी शाळेने काय काय करून पाहिले, यांपैकी कशाचीही लेखी खूण मागे उरत नाही. याच मार्गाचे लहान टप्पेही असतात. रोज मधल्या सुट्टीत मुलाला घरी न्यायला सांगणे, सहलीच्या व स्नेहसंमेलनाच्या दिवशी "आजच्या दिवस घरीच ठेवा" असा निरोप पाठविणे, परीक्षेपुरते बोलाविणे, आईनेच वर्गाबाहेर बाकावर बसून राहावे अशी अट घालणे, हे ते टप्पे. यांपैकी एकालाही कोणी शिक्षा म्हणत नाही. मुलाच्या दृष्टीने मात्र शाळेतील त्याची जागा दिवसेंदिवस आकसत असते.

शिक्षा आणि दिव्यंगत्व यांची गाठ

शिक्षकांविषयी कठोर शब्द लिहिणे सोपे आहे आणि ते अन्यायाचे होईल. साठ-साठ मुलांचा वर्ग, संपवावयाचा अभ्यासक्रम, आणि ज्याच्या मुलाला मार बसला त्या दुसऱ्या पालकाची तक्रार या तिहेरी कात्रीत वर्गशिक्षिका सापडलेली असते. तिला दिसते ती वागणूक. वागणुकीमागील कारण दिसावे असे प्रशिक्षण तिला बहुधा कोणी दिलेले नसते.

तरीही काही शिक्षांकडे जरा थांबून पाहिले पाहिजे. अक्षर वाईट म्हणून ज्या मुलाला धडा दहा वेळा लिहून आणावयास सांगितले जाते, त्यास डिसग्राफिया असेल, म्हणजे मेंदूकडून हाताकडे लेखनाची आज्ञाच नीट पोहोचत नसेल, तर त्याचे दिव्यंगत्व हेच त्याच्या शिक्षेचे साधन झाले. लंगड्या मुलाला धावण्याची शिक्षा देण्यासारखेच हे आहे. फरक इतकाच की लंगडणे सर्वांना दिसते. अतिचंचल मुलाची मधली सुट्टी आणि खेळाचा तास काढून घेतला जातो, वास्तविक शरीराची ती हालचालच त्याला पुढील दोन तास बसण्याचे बळ देत असते. स्वमग्न मूल प्रार्थनेच्या वेळी कानांवर हात ठेवते, कारण ध्वनिवर्धकाचा आवाज त्याला असह्य होतो. पाहणाऱ्याला तो प्रार्थनेचा अनादर वाटतो. कमी ऐकू येणारी मुलगी पाठीमागून दिलेली सूचना पाळत नाही आणि उर्मट ठरते. अपस्माराच्या सौम्य झटक्यात काही क्षण शून्यात पाहणारा मुलगा "लक्ष कोठे आहे?" म्हणून वर्गाबाहेर उभा राहतो. अशा वेळी शिक्षा कितीही सौम्य असली तरी ती चुकीच्या पत्त्यावर गेलेली असते, आणि म्हणून तिचा परिणामही होत नाही. परिणाम झाला नाही की पुढची शिक्षा वाढते.

२००७ मध्ये "तारे जमीन पर" हा चित्रपट आला तेव्हा डिसलेक्सिया हा शब्द घरोघरी पोहोचला. त्या वेळी अनेक पालकांनी आपल्या मुलांची जुनी प्रगतिपुस्तके पुन्हा उघडून पाहिली असतील. मुंबईत मात्र त्यापूर्वीच काम सुरू झाले होते. महाराष्ट्र शासनाने १९९६ मध्येच अध्ययन-अक्षमता असलेल्या विद्यार्थ्यांना परीक्षेत सवलती देण्यास आरंभ केला, आणि सायन व नायर येथील महापालिका रुग्णालयांत तपासणी करून प्रमाणपत्र घेण्यासाठी मुलुंड-बोरिवलीहून पालक वर्षानुवर्षे खेपा घालीत आले. आपल्या शाळांनीही या सवलती बऱ्यापैकी अंगीकारल्या आहेत. वाढीव वेळ, लेखनिक, शुद्धलेखनाचे गुण न कापणे हे आता मुख्याध्यापकांना नवे राहिलेले नाही. मौज अशी की मार्चमध्ये ज्या मुलाला लेखनिक मिळतो, त्याच मुलाला जुलैमध्ये गृहपाठ अपुरा म्हणून उभे केले जाते. परीक्षेच्या दालनात जे दिव्यंगत्व आम्ही मान्य करतो, ते शिस्तीच्या प्रसंगी आठवत नाही.

कायदा काय म्हणतो

१९९५ च्या अपंग व्यक्तींविषयीच्या कायद्यात सात प्रकारची अपंगत्वे मोजली होती आणि अध्ययन-अक्षमता त्यांत नव्हती. भारताने १ ऑक्टोबर २००७ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या दिव्यांग हक्कविषयक करारास मान्यता दिली, आणि पुढे दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ संमत होऊन १९ एप्रिल २०१७ पासून अमलात आला. यात प्रकारांची संख्या एकवीस झाली. विशिष्ट अध्ययन-अक्षमता, स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता, मानसिक आजार हे सर्व त्यात आले. ("अपंग" जाऊन "दिव्यांग" हा शब्दही याच सुमारास रूढ झाला. ज्यांच्यासाठी तो आला त्यांतील कित्येकांना तो रुचलेला नाही. आम्ही तो केवळ प्रचलित म्हणून वापरीत आहोत.)

या अधिनियमात "शिस्त" असे वेगळे प्रकरण नाही. म्हणून अनेक शाळांचा समज होतो की शिस्तीच्या बाबतीत कायदा गप्प आहे. तो गप्प नाही. कलम ३ सांगते की दिव्यंगत्वाच्या कारणावरून कोणाशीही भेदभाव करता येणार नाही. अपवाद एवढाच की ती कृती उचित हेतूसाठी होती आणि त्या हेतूच्या प्रमाणात होती हे दाखविता आले पाहिजे. म्हणजे वर्गातील इतर मुलांची सुरक्षितता हा उचित हेतू खरा, पण त्यासाठी मुलाला शाळेतून घालविणे हे प्रमाणात आहे काय, त्याहून सौम्य उपाय शिल्लक होता काय, याचे उत्तर शाळेला द्यावे लागेल. दुसरी महत्त्वाची गोष्ट "वाजवी सोय" ही आहे. मुलाच्या गरजेनुसार नेहमीच्या पद्धतीत करावयाचा योग्य तो बदल, शाळेवर अवाजवी बोजा न टाकता, असा तिचा अर्थ. ती नाकारणे हाच कायद्याच्या व्याख्येनुसार भेदभाव होय. कलम १६ तर शाळांच्या संदर्भात स्पष्टच आहे. भेदभाव न करता प्रवेश, खेळ व मनोरंजनात समान संधी, व्यक्तिगत गरजेप्रमाणे सोय आणि आधार, अध्ययन-अक्षमता शक्य तितक्या लवकर ओळखणे, ही कर्तव्ये त्यात सांगितली आहेत. सहलीच्या दिवशी घरी ठेवलेले मूल या कलमासमोर उभे करून पाहावे.

कलम ९२ चाही उल्लेख करावा लागेल. दिव्यांग व्यक्तीचा पाणउतारा करण्याच्या हेतूने तिला लोकांदेखत हेतुपुरस्सर अपमानित करणे वा धमकावणे हा सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत कारावासाचा गुन्हा आहे. रागाच्या भरात निसटलेला प्रत्येक शब्द त्यात येत नाही, कारण हेतू सिद्ध व्हावा लागतो. पण सर्व शाळेसमोर मुलाला उभे करून त्याची नक्कल करणारास हे कलम ठाऊक असलेले बरे.

येथे आपल्या शाळांपुढील एक खास मुद्दा येतो, आणि त्याविषयी आपल्यात बराच गोंधळ आहे. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १६ ने प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढण्यास मनाई केली आणि कलम १७ ने शारीरिक शिक्षा व मानसिक छळ यांस. परंतु ६ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने प्रमती प्रकरणात निर्णय दिला की हा कायदा अल्पसंख्याकांच्या शाळांना, त्या अनुदानित असोत वा विनाअनुदानित, लागू होत नाही. १ सप्टेंबर २०२५ रोजी महाराष्ट्रातून गेलेल्या एका प्रकरणात दोन न्यायमूर्तींच्या पीठाने या निर्णयाविषयी शंका व्यक्त करून तो प्रश्न मोठ्या पीठाकडे सोपविण्यासाठी सरन्यायाधीशांपुढे ठेवला. अल्पसंख्याक संस्थांचे घटनादत्त हक्क मोलाचे आहेत आणि ते जपले पाहिजेत यात आम्हांस संदेह नाही. पण "तो कायदा आम्हांला लागू नाही" हे वाक्य एखाद्या मुख्याध्यापकाने दिव्यांग मुलाच्या आईसमोर उच्चारले, तर ते अपुरे आहे आणि दिशाभूल करणारेही. दिव्यांग हक्क अधिनियमाचे कलम १६ शासनाने अनुदान दिलेल्या किंवा मान्यता दिलेल्या शाळांविषयी बोलते आणि अल्पसंख्याक शाळांना त्यातून वगळत नाही. आपल्या शाळा शासनमान्य आहेत.

शिवाय ज्या करारांना ख्रिस्तसभेने स्वतः संमती दिली तेही आहेत. संयुक्त राष्ट्रांचा बालहक्क करार १९८९ चा. व्हॅटिकनने तो १९९० मध्येच, म्हणजे भारताच्या दोन वर्षे आधी, स्वीकारला. त्याच्या २८ व्या कलमात म्हटले आहे की शाळेतील शिस्त मुलाच्या मानवी प्रतिष्ठेशी सुसंगत अशा रीतीनेच राखली जावी. आणखी मागे जायचे तर संत जॉन बॉस्को यांनी १८७७ मध्ये आपल्या प्रतिबंधक शिक्षणपद्धतीविषयी जो छोटा निबंध लिहिला, त्यात मुलाला मारणे, वेदना होईल असे गुडघ्यांवर बसविणे, कान ओढणे या गोष्टी पूर्णपणे टाळाव्यात आणि शिक्षा सहसा इतरांसमोर करू नये असे सांगितले आहे. कारणे देताना, या शिक्षांना देशाचा कायदा मनाई करतो, हे कारणही त्यांनी नोंदविले आहे. तूरिनमधील रस्त्यांवरची मुले ज्यांनी सांभाळली त्यांचे हे मत. त्यांच्या वर्गांत सगळी मुले आज्ञाधारक होती असे कोणी म्हणणार नाही.

एक प्रश्न, लेखी

हाच प्रश्न अन्यत्र कसा हाताळला गेला ते पाहणे उपयोगाचे ठरेल. अमेरिकेत १९७५ च्या कायद्याने दिव्यांग मुलांना सार्वजनिक शाळेत शिकण्याचा हक्क मिळाला. पुढे सॅन फ्रान्सिस्कोतील दोन मुलांचे प्रकरण तेथील सर्वोच्च न्यायालयात गेले. ही मुले भावनिक विकाराने त्रस्त होती, आणि त्यांचे वर्तन किरकोळ नव्हते. एकाने वर्गमित्राचा गळा धरला होता. शाळेने दोघांनाही अनिश्चित काळासाठी बाहेर ठेवले. जानेवारी १९८८ मध्ये न्यायालयाने निर्णय दिला की शाळेला असा एकतर्फी अधिकार नाही; दहा दिवसांपर्यंत दूर ठेवता येईल, त्यापुढे कायद्याने ठरविलेल्या प्रक्रियेनेच जावे लागेल.

१९९७ आणि २००४ च्या दुरुस्त्यांनी त्या प्रक्रियेला निश्चित रूप आले. दिव्यांग मुलाला शिस्तभंगासाठी दहा शालेय दिवसांहून अधिक काळ काढावयाचे असेल, तर शाळा आणि पालक यांनी एकत्र बसून दोन प्रश्नांची उत्तरे द्यावयाची. हे वर्तन मुलाच्या दिव्यंगत्वातून उद्भवले काय, किंवा त्याच्याशी त्याचा थेट व ठळक संबंध आहे काय? आणि, मुलासाठी ज्या सोयी ठरल्या होत्या त्या शाळेने न दिल्यामुळे हे घडले काय? यांपैकी एकाचे उत्तर "होय" आले तर मुलाला सर्वसाधारणपणे त्याच्या वर्गात परत घ्यावे लागते, वर्तनाचे कारण शोधावे लागते आणि ते बदलण्याची योजना आखावी लागते. दोन्ही उत्तरे "नाही" आली तर इतर मुलांना होते तीच शिक्षा त्यालाही होते, मात्र त्याचे शिक्षण थांबविता येत नाही. शस्त्र, अमली पदार्थ किंवा कोणाला गंभीर इजा असा प्रसंग असेल तर उत्तर काहीही असले तरी पंचेचाळीस शालेय दिवसांपर्यंत मुलाला दुसऱ्या ठिकाणी शिकविता येते. आणि जुलै २०२२ मध्ये तेथील शिक्षण खात्याने शाळांना आणखी एक गोष्ट बजावली. "आज लवकर घेऊन जा" असे फोन करून मुलाला वारंवार घरी पाठविणे हेही काढून टाकण्यातच मोजले जाऊ शकते. आमच्या आईच्या बाकाची आठवण येथे झाल्याशिवाय राहत नाही.

असा नियम आपल्या कायद्यात शब्दशः नाही. पण तो लागू करण्यासाठी संसदेची वाट पाहण्याचे कारणही नाही. वर उल्लेखिलेल्या कलम ३ मधील प्रमाणाची कसोटी आणि वाजवी सोयीचे कर्तव्य एकत्र वाचले की हेच दोन प्रश्न समोर येतात. शाळेच्या व्यवस्थापनाने ठरविले तर एका कागदाचे हे काम आहे. मुलाला निलंबित करण्यापूर्वी किंवा दाखल्याचा विषय काढण्यापूर्वी मुख्याध्यापक, वर्गशिक्षिका, समुपदेशक आणि पालक यांनी बसून हे दोन प्रश्न विचारावेत, उत्तरे लिहावीत, सह्या कराव्यात. प्रसंगाच्या आधी काय घडले, किती वाजता, कोणत्या तासाला, कोण शेजारी होते, याची दोन आठवड्यांची साधी नोंद ठेवली तरी कित्येकदा कारण हाती लागते. दरवेळी मारामारी मराठीच्या लेखनाच्या तासानंतरच होते, किंवा गोळी उतरते त्या दुपारी एकनंतरच होते, असे दिसून आले तर उपाय त्या तासात किंवा डॉक्टरांकडे आहे.

एक आक्षेप आम्ही गृहीत धरतो. ज्याच्या मुलाला मार बसला त्याचे काय? त्याच्या मुलालाही सुरक्षित वर्गाचा तितकाच हक्क आहे. दिव्यंगत्व म्हणजे शिस्तीतून सूट नव्हे. दुसऱ्याला इजा करणाऱ्या मुलाला त्या क्षणी दूर करावेच लागेल, त्याला क्षमा मागण्यास, मोडलेली वस्तू नीट करण्यास सांगावेच लागेल. वाद आहे तो त्यानंतर काय करावे याचा. आणि कारण न शोधता एका शाळेतून दुसऱ्या शाळेत गेलेले मूल तोच राग बरोबर नेते. मार खाणारे मूल तेवढे बदलते.

विशेष शिक्षकांचा प्रश्न मात्र इच्छाशक्तीने सुटणारा नाही. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२१ मध्ये प्राथमिक स्तरावर दहा आणि त्यापुढे पंधरा दिव्यांग विद्यार्थ्यांमागे एक विशेष शिक्षक असे प्रमाण सांगितले. प्रत्यक्षात पुष्कळ शाळांना एकही परवडत नाही. एका उपनगरातील तीन-चार धर्मग्रामांच्या शाळांनी मिळून एक समुपदेशक आणि एक विशेष शिक्षिका नेमणे अशक्य नसावे.

प्रमाणपत्र नाही, तर?

येथे पालक नेहमी अडतात. मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे अध्ययन-अक्षमतेची तपासणी तिसरीत किंवा आठव्या वर्षी होते, म्हणजे पहिली-दुसरीतील शेरे प्रमाणपत्राशिवायच झेलावे लागतात. अतिचंचलता तर एकवीस प्रकारांच्या यादीत स्वतंत्रपणे नाहीच. मग हक्क संपला काय? फेब्रुवारी २०२१ मध्ये विकास कुमार प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की वाजवी सोय मिळण्यासाठी चाळीस टक्के दिव्यंगत्वाची अट घालता येत नाही. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये मुंबई उच्च न्यायालयातून तेथे गेलेल्या एका डिसग्राफियाग्रस्त विद्यार्थिनीच्या प्रकरणात, परीक्षा केंद्राने वाढीव तास न देता उत्तरपत्रिका काढून घेतली होती. तो तिच्या हक्काचा भंग होता असे न्यायालयाने म्हटले आणि परीक्षा घेणाऱ्या संस्थेला तो दूर करण्याचा उपाय योजण्यास सांगितले. केंद्रावरील लोकांना नियम ठाऊक नव्हता, ही सबब टिकली नाही.

म्हणून पालकांना आमची विनंती अशी. मुलाविषयी शंका आली की बालरोगतज्ज्ञ किंवा मानसशास्त्रज्ञ यांचे जे काही लेखी मत मिळेल ते शाळेला अर्जासोबत द्यावे आणि कोणती सोय हवी ते त्यात स्पष्ट लिहावे: पहिल्या बाकावर जागा, फळ्यावरील मजकुराची छायाप्रत, तासाच्या मध्ये पाणी पिण्याच्या निमित्ताने उठण्याची मुभा. तोंडी बोलणे नंतर कोणालाच आठवत नाही. दाखला घेण्याचा सल्ला मिळाला तर घाईने अर्ज करू नये. कोणत्या प्रसंगांसाठी आणि कोणते उपाय करून पाहिल्यानंतर हा सल्ला दिला जात आहे, ते नम्रपणे लेखी मागावे. उत्तर आले नाही किंवा पटले नाही तर प्रथम शाळेच्या व्यवस्थापनाकडे जावे. त्यानंतर माध्यमिक शाळांसाठी शिक्षण निरीक्षकांचे कार्यालय आहे. अंधेरी-बोरिवलीकडील शाळा पश्चिम विभागात आणि घाटकोपर-मुलुंडकडील उत्तर विभागात येतात. दिव्यांग हक्क अधिनियमाखालील तक्रार पुण्यातील राज्य दिव्यांग आयुक्तांकडे करता येते, आणि मुलाचा छळ झाला असेल तर मुंबईतील राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे. प्रत्येक अर्जाची दुसरी प्रत बरोबर न्यावी, तिच्यावर कार्यालयाचा शिक्का व तारीख घेऊन ती पोच मुलाच्या वैद्यकीय कागदांसोबत एकाच फायलीत ठेवावी.